कामट्यांचा कंदील : सांगाड्यापासून झिरमिळ्यांपर्यंत

दसरा झाला की लक्ष्मीपूजनापर्यंत हातात साधारण 20 दिवस असतात. घरी कंदील करायचा तर हेच दिवस. कोजागरीपर्यंत कामट्या घरात आलेल्या असाव्यात आणि वसुबारसेला कंदील टांगलेला असावा, एवढं गणित ठेवलं की पुरे. काम चार संध्याकाळींचं. सलग चार नकोत, मध्ये खळ वाळायला वेळ द्यावा लागतो. शिवाय घरातल्या सगळ्यांना सलग चार दिवस मोकळा वेळ मिळणं, हे तर विसराच.

ज्यांनी आजवर एकही कंदील बांधलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाजारात घडीचे कंदील मिळतात, प्लास्टिकचे मिळतात, कार्डशीटचं किट तर चहा निवायच्या आत जुळतं. त्याला माझी ना नाही. पण इथे आपण करणार आहोत तो जुना, बांबूच्या कामट्यांचा, चौकोन आणि त्रिकोण एकाआड एक असलेला, खाली लांब झिरमिळ्या सोडलेला कंदील. चाळीच्या कठड्यावर, वाड्याच्या दिंडीदरवाजावर आणि कोकणातल्या घरांच्या पडवीत असायचा तोच.

एक गोष्ट आधीच सांगते. कंदील म्हटलं की सगळ्यांचं लक्ष कागदाकडे जातं. कुठला रंग, कुठली सोनेरी लेस, यावर घरात दोन दिवस चर्चा चालते आणि सांगाडा अर्ध्या तासात उरकला जातो. मग नरकचतुर्दशीला सरळ दिसणारा कंदील भाऊबीजेपर्यंत एका खांद्याने उतरलेला असतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग सांगाड्यावर आहे. कागद तुम्हाला जमेलच.

आधी आकार डोळ्यांसमोर आणा

या कंदिलात सहा चौकोन असतात, सगळे सारख्या मापाचे. एक खाली आडवा, एक वर आडवा आणि चार पोटाभोवती. पोटाभोवतीचे चारही चौकोन कोपऱ्यावर उभे असतात, पतंग उभा धरावा तसे. हे सहा चौकोन फक्त कोपऱ्यांत एकमेकांना बांधायचे. तसं केलं की त्यांच्यामधल्या फटींतून आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. त्रिकोणांसाठी वेगळी एकही काडी लागत नाही. मुलांना हे आधी सांगू नका, सांगाडा उभा राहिल्यावर त्यांनाच मोजायला लावा.

चौकोनाची बाजू 20 सेंटिमीटर घेतली तर कंदिलाचं पोट 28 सेंटिमीटर उंच होतं आणि रुंदी टोकापासून टोकापर्यंत 40 सेंटिमीटर भरते. फ्लॅटच्या बाल्कनीला हे माप नेमकं. बंगल्याच्या किंवा इमारतीच्या दारासाठी 30 सेंटिमीटरची बाजू घ्या, म्हणजे पोट 42 आणि रुंदी 60. त्याहून मोठा करायचा तर कामट्या जाड लागतात आणि पहिल्याच वर्षी तो हट्ट नको. पुढची सगळी मापं 20 सेंटिमीटरच्या बाजूची आहेत.

कामट्या

कामट्या बुरुडाकडे मिळतात. पुण्यात बुरूड आळी आहेच. इतर गावांत सूप, टोपल्या, परड्या विकणाऱ्या माणसाकडे विचारलं तर तो दोन दिवसांत काढून देतो. कंदिलासाठी हव्यात एवढं सांगा, जाडी त्याला कळते. तरी माप माहीत असावं : 5 ते 6 मिलिमीटर रुंद, 2 ते 3 मिलिमीटर जाड. दोन्ही टोकं धरून थोडी वाकवून बघा. वाकून परत सरळ झाली तर चांगली, वाकलेलीच राहिली तर ती बांबूच्या पोटाकडची, मऊ. पाठीकडची, म्हणजे हिरव्या सालीची कामटी मागून घ्या. दीड मीटरच्या पाच-सहा कामट्यांत एक कंदील आरामात होतो.

ताजी कामटी ओली असते. ती तशीच बांधली की वाळल्यावर अंगाने बारीक होते आणि गाठी सैल पडतात. दोन-तीन दिवस सावलीत, पंख्याखाली पसरून ठेवा. उन्हात नको, पिळ पडतो. उलट फार जुनी, खडखडीत वाळलेली कामटी कापताना उभी चिरते. अशी असेल तर तासभर पाण्यात ठेवून पुसून घ्या.

आता मापाने कापा. 22 सेंटिमीटरच्या 24 काड्या, आणि वर चार जास्तीच्या, एखादी चिरतेच. शिवाय 31 सेंटिमीटरच्या दोन, त्यांचं काम पुढे सांगते. कापायला लोखंडी करवतीचं पातं किंवा झाडं छाटायची कात्री घ्या. स्वयंपाकघरातली सुरी वापरू नका. सुरीही जाते आणि ज्यांची सुरी त्यांच्याशी भांडणही होतं. बांबूची गाठ काडीच्या मध्यावर आली तर चालेल, टोकाशी नको, तिथे दोरा नीट बसत नाही. सगळ्या काड्यांवरून पॉलिश पेपर फिरवा. बांबूचं कुसळ बोटात गेलं तर ते काढताना लहान मुलं घर डोक्यावर घेतात.

प्रत्येक काडीवर दोन्ही टोकांपासून 1 सेंटिमीटर आत पेन्सिलने खूण करा. या दोन खुणांमधलं अंतर 20 सेंटिमीटर. पुढचं सगळं काम या खुणांवर चालतं, त्यामुळे इथे घाई नको. सगळ्या काड्या एकत्र धरून टेबलावर उभ्या आपटा. एखादी लांब किंवा आखूड असेल तर लगेच डोकं वर काढते.

बांबू मिळतच नसेल तर? कोकणात आणि गोव्यात माडाच्या झावळीचे हीर असतात. नव्या कोऱ्या खराट्यातले जाडसर हीर निवडून 10 सेंटिमीटरच्या बाजूचा छोटा कंदील सुरेख होतो, पोट फक्त 14 सेंटिमीटरचं. पहिल्यांदा करत असाल तर एक असा हिरांचा छोटा करून बघा, असं मी म्हणेन. हाताला बांधणी कळते आणि बिघडला तरी खराट्याच्या काड्याच गेल्या. परदेशातल्या मंडळींना बार्बेक्यूच्या बांबूच्या सळया मिळतात, 30 सेंटिमीटर लांब. त्यांची टोकदार बाजू आधी उडवा आणि बाजू 20 ऐवजी 15 घ्या, कारण त्या गोल असतात आणि लांब ठेवल्या की हलतात.

चौकोन बांधणे

चार काड्या घ्या. दोन उभ्या समांतर ठेवा, त्यांच्यावर दोन आडव्या, खुणेवर खूण येईल अशा. चारही कोपऱ्यांत काड्यांची टोकं 1 सेंटिमीटर बाहेर डोकावतील. ती आत्ता कापू नका.

दोरा जाड हवा आणि सुती हवा. गोधडीचा दोरा उत्तम. नायलॉनचा घसरतो. हाताएवढा लांब तुकडा तोडा आणि एका कोपऱ्यावर अशी बांधणी करा : आधी एका कर्णाच्या दिशेने चार वेढे, मग दुसऱ्या कर्णाच्या दिशेने चार. वरून फुलीसारखं दिसेल. एवढ्यावर बरेच जण गाठ मारतात. इथे थांबायचं नाही. आता दोरा दोन काड्यांच्या मधून, म्हणजे वरची काडी आणि खालची काडी यांच्या बेचक्यातून, फुलीभोवती दोन आवळ फेरे घ्यायचे. या फेऱ्यांनी आधीचे आठही वेढे एकदम घट्ट होतात. बोटाखाली दोरा कडक झालेला कळतो. मग गाठ, आणि गाठीवर फेव्हिकॉलचा एक थेंब. फेव्हिकॉल गाठ सुटू नये म्हणून. गाठ ढिली असेल तर ती तो ढिलीच पक्की करतो.

चार कोपरे झाले की चौकोन तपासा. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत माप घ्या, दोन्ही बाजूंनी. दोन्ही मापं सारखी, 28 सेंटिमीटरच्या जरा वर आली पाहिजेत. एक 27 आणि दुसरं 29 आलं तर तो चौकोन नाही, शंकरपाळी आहे. हाताने दाबून सरळ करा आणि फेव्हिकॉल वाळेपर्यंत पुस्तकाखाली ठेवा. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या या कामाला छान होत्या. आता मुलांच्या गाइडा वापरा, निदान दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा उपयोग होईल.

असे सहा चौकोन. एका माणसाला दोन तास लागतात, दोघांना एक तास. तिसरा माणूस आला की गप्पा वाढतात आणि पुन्हा दोन तास होतात.

सहा चौकोनांचा एक कंदील

हे दोघांचंच काम आहे. एकाने धरायचं, एकाने बांधायचं.

पहिला चौकोन जमिनीवर आडवा ठेवा, हा तळ. त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक-एक चौकोन कोपऱ्यावर उभा करून बांधा. इथे चार गाठी झाल्या. चारही उभे चौकोन बाहेर कलंडतील, घाबरू नका. आता शेजारशेजारच्या दोन चौकोनांचे मधले कोपरे जवळ आणून बांधा. असं चारही जागी. या चार गाठी झाल्या की चौकोन आपोआप उभे राहतात. शेवटी सहावा चौकोन वर ठेवा, त्याचे चार कोपरे उभ्या चौकोनांच्या वरच्या टोकांना बांधा. चार, चार आणि चार, एकूण बारा सांधे. या सांध्यांना फुलीची बांधणी नको. दोन कोपरे एकत्र धरून सहा-सात वेढे आणि गाठ पुरते.

पहिल्यांदा फक्त सैल गाठी मारा. बाराही झाल्यावर, सगळं सरळ दिसतंय याची खात्री करून मगच एकेक आवळत जा, आणि आवळताना समोरासमोरचे सांधे घ्या. एकाच बाजूने आवळत गेलात तर कंदील त्या बाजूला झुकतो.

आता तो हातात घ्या आणि हलकेच पिळून बघा. पिळला जातो! नवशिक्यांना इथे धसका बसतो, आपलं काही चुकलं असं वाटतं. चुकलेलं काहीच नसतं. तीन काड्यांचा त्रिकोण जागचा हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बाजूला ढकलला की शंकरपाळी होतो. या सांगाड्यातले आठ त्रिकोण भक्कम असतात आणि सहा चौकोन लवचिक, म्हणून सबंध सांगाडा वर-खाली दाबला तर गोल फिरत मिटायला बघतो. तेव्हा सहाच्या सहा चौकोनांत तिरका आधार द्यावा लागतो.

त्यासाठी त्या 31 सेंटिमीटरच्या दोन काड्या. एक वरच्या चौकोनात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत बांधा. हिलाच नंतर दिवा लटकेल. दुसरी तळाच्या चौकोनात. पोटाभोवतीच्या चार चौकोनांत काडी घालू नका, दिवा लावल्यावर तिची सावली कागदावर पडते. तिथे बारीक दोऱ्याची फुली ताणून बांधा, दोन्ही कर्णांवर. फुलीच हवी, कारण दोरा फक्त ओढ धरतो, ढकलणं नाही. एकाच कर्णावर बांधला तर दुसऱ्या बाजूने सांगाडा मिटतोच. हे दोरे तात्पुरते आहेत. कागद चिकटून वाळला की ताणलेला कागदच ते काम करतो आणि दोरे आतून कापून टाकता येतात.

बाहेर डोकावणारी टोकं आता कापा, दोऱ्यापासून 2 मिलिमीटर ठेवून. सांगाडा रात्रभर टांगून ठेवा. सकाळी सरळ असला तर पुढचं काम सोपं आहे.

खळ

कागदाला फेव्हिकॉल नको. तो लवकर धरतो आणि कागद सरकवून बसवायला वेळ देत नाही. खळच करा. दोन मोठे चमचे मैदा एक कप थंड पाण्यात गुठळी न राहता कालवा, मग मंद आचेवर ढवळत राहा. पांढरं मिश्रण हळूहळू काचेसारखं दिसायला लागतं आणि डावाला धरतं, तेव्हा उतरवा. गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून कढईत जरा पातळच ठेवा. पूर्वी खळीत मोरचूद घालायचे, किडे लागू नयेत म्हणून. मोरचूद विषारी असतं. घरात बोटं तोंडात घालणारं मूल असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा.

आमच्या घरी खळ सासूबाई करतात. त्यांचं म्हणणं, गुठळी झाली तर कंदील नंतरची गोष्ट, आधी तुझी पिठल्याची परीक्षा.

कागद, आणि थोडी चाळ

पतंगाचा कागद सगळ्यांत चांगला. पातळ असतो, उजेड पसरवतो आणि वाळताना ताणला जातो. जिलेटिनचा कागद दिवसा चमकतो, पण रात्री आतला दिवा नागडा दिसतो आणि कागद कधी ताठ बसत नाही. मला तो आवडत नाही. हातकागद देखणा, पण जाड. त्यातून उजेड कमी येतो, त्याला मोठा कंदील आणि फिका रंग हवा. कागदासाठी मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळी. ऑनलाइनही मिळतो, पण पातळ म्हणजे किती पातळ ते हाताला लागल्याशिवाय कळत नाही.

रंग दोनच निवडा. चौकोनांना एक, त्रिकोणांना एक. पिवळा, केशरी, गुलाबी, पोपटी हे रात्री उजळतात. गडद निळा आणि जांभळा दिवसा दुकानात मोहात पाडतात आणि रात्री काळे दिसतात. घ्यायचेच असतील तर त्रिकोणांना घ्या, चौकोन पिवळे ठेवा.

पुठ्ठ्याचे दोन साचे करा. चौकोनाचा 23 सेंटिमीटर बाजूचा, त्रिकोणाचा 25 सेंटिमीटर बाजूचा, तिन्ही बाजू सारख्या. यात चिकटवायला चहूकडून दीड सेंटिमीटर धरलेला आहे. चौकोन चार लागतात, वरचा आणि तळाचा उघडाच राहतो. त्रिकोण आठ. एकदोन जास्तीचे कापून ठेवा. कोपरे कात्रीने थोडे छाटा, नाहीतर तिथे कागदाचे थर साठतात.

आधी चारही चौकोन चिकटवा, त्रिकोण नंतर. कारण वर सांगितलं तेच : चौकोनांचा कागद सांगाडा घट्ट करतो. कामटीला बोटाने खळ लावा, कागदाला नाही. कागद वरच्या कोपऱ्यावर ठेवा, मग खालच्या, मग दोन्ही बाजूंना, आणि मधून बाहेर हात फिरवत सुरकुत्या काढा. उरलेली कड कामटीवरून आत दुमडून चिकटवा. बारीक सुरकुती राहिली तर राहू द्या. वाळल्यावर त्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारला की कागद पुन्हा वाळताना ताठ होतो. आधी कातरणाचा तुकडा ओला करून मात्र बघा. पतंगाच्या बऱ्याच कागदांचा रंग सुटतो, आणि पिवळ्यावर गुलाबी ओघळ आले की काही इलाज नाही.

हे काम गटात करायचं आहे, आणि ते मी गिरगावच्या चाळीत शिकले. आमच्या चाळीत मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांचे कंदील एकसारखे असायचे. वर्गणी काढून कागद यायचा आणि गॅलरीत सतरंज्या पसरून काम चालायचं. कोणीही एक सबंध कंदील करत नसे. कठड्याशी बसलेले काका फक्त गाठी मारायचे, तोंडात दोऱ्याचं टोक, पायाच्या अंगठ्यात दुसरं. त्यांच्या पलीकडे साचे घेऊन कापणाऱ्या मुली, त्यांच्यापुढे खळीचं पातेलं, आणि जिन्याच्या तोंडाशी आम्ही लहान, झिरमिळ्या कातरायला. बढती ठरलेली असे : झिरमिळ्या, मग कागद कापणं, मग चिकटवणं. गाठ मारायला मिळाली म्हणजे तुम्ही मोठे झालात. जिन्यातून पाण्याची बादली घेऊन जाणारा प्रत्येक माणूस थांबून एक सूचना करून जायचा, आणि सूचनेची दखल घेतली नाही की दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच करायचा. मग वसुबारसेच्या संध्याकाळी सगळ्या खोल्यांचे दिवे एकदम लागायचे. त्या जागी आता उंच इमारत आहे, तिच्या बाल्कन्यांना काचा आहेत आणि सोसायटीने सगळ्यांना एकाच नमुन्याची दिव्यांची माळ दिली आहे. एकसारखेपणा तेवढा टिकला म्हणायचा.

ती वाटणी घरातही करता येते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला झिरमिळ्या, आठ-दहा वर्षांच्याला साचे आणि कात्री, बारा-तेराच्या पुढे गाठी. घरातल्या ज्येष्ठांना बसल्याजागी जमणारं काम द्या आणि विचारा त्यांच्या गावी कंदील कसा करायचे. कोणी सांगेल, तेलात भिजवलेल्या कागदाचा. कोणी सांगेल, आत पणती ठेवायचे आणि वारा आला की सगळे धावायचे. सासूबाईंकडून ऐकलं, त्यांच्याकडे कंदील अंगणात उंच काठीला कप्पीवरून चढवायचे आणि त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी दिवा लावून वर ओढायचे. काम हाताशी असलं की अशा गोष्टी निघतात. समोर बसवून विचारलं तर “काय सांगायचं त्यात” म्हणतात.

झिरमिळ्या आणि नटवणं

झिरमिळ्यांसाठी पांढरा पतंगी कागद, 60 सेंटिमीटर लांब. पोटाच्या उंचीच्या दुप्पट लांबी शोभते. कागदाच्या घड्या घाला, वर 4 सेंटिमीटरची पट्टी अखंड सोडा आणि खाली अडीच-अडीच सेंटिमीटरवर सरळ काप द्या. ही अखंड पट्टी तळाच्या चौकोनाभोवती चिकटवायची. एकूण घेर 80 सेंटिमीटर आहे, कागद तुकड्यांत लावला तरी हरकत नाही. काप सरळ जाऊ द्या. तिरका गेला की वाऱ्याने नेमकी तिथूनच फाटते.

सांध्यांवरचे दोरे झाकायला कागदाच्या करंज्या लावतात : 6 सेंटिमीटरचं वर्तुळ कापायचं, मधोमध दुमडायचं आणि दुमड सांध्यावर चिकटवायची. कडांना सोनेरी बेगडाची बारीक पट्टी. यापलीकडे काही लावू नका. मणी, कुंदन, थर्माकोलची फुलं लावली की कंदील जड होतो आणि दिवा लागला की त्या सगळ्याची फक्त काळी ठिपक्यांची सावली दिसते.

दिवा आणि टांगणं

दिवा एलईडी, 3 ते 5 वॉटचा, पिवळसर उजेडाचा. पांढऱ्या उजेडात केशरी कागद आजारी दिसतो. जुना तारेचा 60 वॉटचा बल्ब तापतो, कागदाच्या कंदिलात तो घालू नका, आणि पणतीची हौस उंबऱ्यावर भागवा. होल्डर वरच्या आडव्या काडीला बांधा, बल्ब पोटाच्या मधोमध येईल असा. या मापात मध्यापासून कुठलाही कागद कमीत कमी 14 सेंटिमीटर लांब राहतो.

कंदिलाचं वजन वायरवर कधीही देऊ नका. वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार दोऱ्या बांधून त्या वर एका कडीत आणा, आणि कंदील त्या कडीवर टांगा. वायर शेजारून सैल येऊ द्या. बाहेरच्या बाजूला वायरला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत प्लगपर्यंत न जाता झोळातून गळून पडतं. वायरला मध्ये जोड नसावा. हल्ली दिवाळीतही पाऊस चुकत नाही, तेव्हा टांगायच्या जागी छोटी कप्पी लावा, कडीला बांधलेली दोरी तिच्यावरून घेऊन कठड्याशी गुंडाळा; आभाळ आलं की कंदील खाली ओढून आत घेता येतो. भिजलेला पतंगी कागद वाचत नाही.

वारा फार येत असेल तर तळाच्या काडीला एक दोरा बांधून कठड्याला सैल अडकवा. परदेशात, जिथे बाहेर काही टांगायला परवानगी नसते, तिथे खिडकीच्या आत, काचेपासून हातभर अंतरावर टांगा. रस्त्यावरून तो छान दिसतो, आणि थंडीत कागद जास्त दिवस टिकतो.

दिवाळी झाल्यावर

कागद टाकायचा, सांगाडा ठेवायचा. ओल्या फडक्याने कडा भिजवा, खळ सुटते आणि कागद सबंध निघून येतो. फेव्हिकॉल वापरला असता तर कामटी खरवडत बसला असतात. कामट्या कोरड्या पुसून एक दिवस वाऱ्यावर ठेवा. चौकोनांत पुन्हा दोऱ्याच्या फुल्या बांधा, कारण कागद निघाला की सांगाडा परत पिळायला लागतो. पोटमाळ्यावर खिळ्याला टांगून ठेवा. जमिनीवर ठेवला तर त्यावर कोणीतरी गाद्या रचतं. होल्डर आणि बल्ब वेगळ्या पिशवीत, साचेही त्याच पिशवीत, पुठ्ठ्यावर माप लिहून. बारीक पांढरी पूड सांगाड्याखाली पडलेली दिसली तर बांबूला कीड लागली आहे. ती काडी लगेच सोडवून बदला, बाकीच्यांना लागायच्या आत. आणि जे सांधे सैल झालेत ते आत्ताच, दोरा समोर असताना आवळून घ्या. पुढच्या दसऱ्यापर्यंत कुठला सांधा हलत होता हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.